तूस, काथ्या आणि कौल

कोकणात भाताच्या गिरणीमागे तुसाचा ढीग आणि नारळाच्या वखारीमागे सोडणांचा ढीग नेहमी दिसतो. या दोन्हींपासून छपराची कौले करता येतात. आपले अनेक कारागीर बांधव या धंद्याची चौकशी करतात. साच्याची किंमत ते आधी विचारतात. आम्ही मात्र आधी मालाचा स्वभाव सांगू.

१९७० च्या दशकाअखेर ब्रिटनमध्ये सिमेंट, वाळू व वनस्पतीचा धागा यांचे पातळ कौल हाताने पाडण्याची पद्धत निघाली. १९८० च्या दशकात ती केनियासारख्या देशांत पसरली. तेथे घायपाताचा वाख वापरीत. पुढे दिसून आले की, सिमेंटमधील चुना हा धागा काही वर्षांत खाऊन टाकतो. धाग्याच्या भरवशावर कमी सिमेंट घालून केलेली कौले मग टिकली नाहीत. पुष्कळ कारखानदारांनी धागा सोडून बारीक खडीची कौले सुरू केली.

यातून धडा एकच : ओल्या कौलाला तडा जाऊ न देणे एवढेच धाग्याचे काम. कायमची ताकद मसाल्यातूनच आली पाहिजे.

येथे तूस उपयोगी पडते. १०० किलो भातातून सुमारे २० किलो तूस व त्यातून सुमारे ४ किलो राख मिळते. राखेत बहुतेक सिलिका असते. ती सिमेंटमधील मोकळा चुना बांधून घेते, त्यामुळे धाग्याचे आयुष्यही वाढते. मात्र तूस मंद आचेवर, ७०० अंशांच्या आत जाळावे. जास्त आचेची राख निकामी होते व तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. राख दळताना नाकातोंडाला फडके बांधावे.

कृती : १० किलो सिमेंटपैकी एक किलो कमी करून तितकी राख घ्यावी. वाळू तिप्पट. काथ्या बोटाच्या पेरापेक्षा लांब नको. तो एकूण सुक्या मालाच्या एक टक्का पुरे. काथ्या आधी पाण्यात भिजवून दोन-तीनदा धुवावा. उसाची चिपाडे न धुता घातल्यास साखरेमुळे सिमेंट घट्टच होत नाही. पाणी बेताचे. थर कंपन देणाऱ्या टेबलावर दाबून साच्यावर वळवावा, दुसऱ्या दिवशी काढावा व दोन आठवडे ओला ठेवावा.

विक्रीची घाई करू नये. पहिली पन्नास कौले स्वतःच्या गोठ्यावर घालून एक पावसाळा काढावा. गळके कौल विकून मिळालेला नफा दुरुस्तीत जातो आणि गावात गेलेली पत परत येत नाही.