मारुतीला बुलेटचे तीन कार्ब

पहिल्याच दिवशी गाडी लोण्यासारखी चालली आणि तिथंच आमचा घात झाला.

२०१५ सालची गोष्ट. बाबांची १९९८ची मारुती ८०० माझ्याकडे आली होती. पळायला ठीक होती, पण आयडलिंगला मरायची. कोल्हापुरात दसरा चौकात सिग्नल लागला की उजव्या पायाचा पंजा ब्रेकवर आणि कड अ‍ॅक्सिलरेटरवर अशी कसरत चालायची. दोन-तीन ठिकाणी दाखवली. ‘कार्ब्युरेटर संपलाय, बदला’ असं सगळीकडे एकच उत्तर मिळालं. नवा मिळेना, आणि जुन्या बाजारातला घ्यावा तर तो आपल्यापेक्षा कमी झिजलेला कशावरून?

माझा एक मित्र उद्यमनगरात बुलेट दुरुस्त करतो. त्याच्या फळीवर क्लासिक ३५०चे तीन कार्ब धूळ खात पडले होते. २९ मिलिमीटरचे, सीव्ही जातीचे, म्हणजे केबल फक्त थ्रॉटलची पाकळी उघडते आणि वरची स्लाइड व्हॅक्यूमवर आपसूक उचलली जाते ते. मारुतीला सिलिंडर तीन आणि फळीवर कार्ब तीन. एवढं जुळून आल्यावर कोल्हापूरचा माणूस स्वस्थ बसत नाही. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, तिथं लेथपाशी उभं राहून ‘हे आपल्याला जमणार नाही’ असं म्हणायला जीभ रेटत नाही.

हिशोबही आमच्या बाजूनं होता. ७९६ सीसी भागिले तीन, म्हणजे सिलिंडरमागे २६५. बुलेटचा कार्ब एकटा ३४६ सीसीला पुरतो, म्हणजे इथं कमी पडायचा प्रश्न नाही. शिवाय इंग्लंडमध्ये जुन्या मिनीला मोटरसायकलचे कार्ब बसवतात, हे मित्रानं मोबाइलवर पाहिलं होतं. खरंच बसवतात. पण मिनीचा मूळचा एसयू कार्ब्युरेटर याच तत्त्वावर चालतो, तोही व्हॅक्यूमनं पिस्टन उचलणारा. त्यामुळे तिथली सोयरीक नात्यातल्या नात्यात होते. आणि मिनीच्या चार सिलिंडरांना हेडवर इनलेटची तोंडं दोनच असतात, म्हणजे मांडणीच वेगळी. हे सगळं मी नंतर वाचलं. आधी वाचायचं तर तोवर प्लेट कापायला टाकून झाली होती.

दहा एमएमची अ‍ॅल्युमिनियमची प्लेट, तिला तीन नळकांड्या टिग वेल्डिंगनं जोडलेल्या, आणि प्रत्येकीच्या तोंडाशी रबरी नळीचा तुकडा क्लिपनं आवळून पुढं कार्ब. तीन हातांचा एक शाफ्ट, त्याला पेडलची केबल. आठवडाभरात तयार. पेट्रोलची लाइन नंतर जोडू, आधी चालतंय का बघू, म्हणून मित्रानं बॉनेटच्या हुकाला पेट्रोल भरलेली सलाईनची बाटली टांगली. गॅरेजात टेस्टिंगला हे सर्रास करतात. दुसऱ्या सेल्फला इंजिन सुरू झालं. आवाज असा, की शेजारचा लेथवाला हातातलं काम टाकून आला. रेस दिली की तिन्ही स्लाइड एकदम श्वास घेतल्यासारख्या वर जायच्या. आम्ही चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी गाडीचाच पंप जोडला. पाच मिनिटांत तिसऱ्या कार्बच्या ओव्हरफ्लोमधून धार लागली.

कारण साधं आहे, पण ते ठाऊक असूनही डोक्यात आलं नाही. मोटरसायकलची टाकी कार्बच्या वर असते आणि पेट्रोल स्वतःच्या वजनानं खाली उतरतं. एक फूट उंचीच्या पेट्रोलचा दाब एक पीएसआयचा जेमतेम तिसरा हिस्सा भरतो. कार्बमधला फ्लोट तेवढाच दाब अडवण्यासाठी बनवलेला असतो. गाडीची टाकी मागे आणि खाली, म्हणून गाडीला पंप असतो आणि त्याचा दाब साधारण तीन-चार पीएसआय. म्हणजे दहापट. फ्लोट बिचारा नीडल दाबून धरतो, पंप ती उचलून आत घुसतो. सलाईनच्या बाटलीनं आदल्या दिवशी आम्हाला बुलेटच्याच टाकीचा दाब दिला होता, म्हणून सगळं सुरळीत वाटलं.

मित्रानं प्रेशर रेग्युलेटर बसवला. धार थांबली. थांबली म्हणजे दिसेनाशी झाली.

पंधरा दिवसांनी ऑइल बघायला डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर. जुन्या गाडीत ऑइल कमी होतं, वाढत नाही. बोटांत चोळून पाहिलं तर चिकटपणा नावाला, आणि वास सरळ पेट्रोलचा. उद्यमनगरातच एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी आधी पंपाचा डायफ्राम तपासला, कारण हेडवरचा पंप फाटला तरी पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. डायफ्राम शाबूत निघाला. मग त्यांनी कार्ब बघितले आणि मित्राला म्हणाले, “आरं, ह्यो बाहीर गळत न्हाई, आत गळतोय. बाहीर गळाला असता तर बरं झालं असतं.” रेग्युलेटर पुढची लाइन बंद असली की दाब हळूहळू चढू देत होता आणि थोडं थोडं पेट्रोल सिलिंडरमध्ये उतरून रिंगांमधून खाली जात होतं. त्या ऑइलवर मी पंधरा दिवस बेअरिंगं फिरवली.

तेव्हा कुणाला हे करायचंच असेल तर पहिला खर्च पेट्रोलच्या लाइनवर करा. रेग्युलेटरपाठोपाठ टाकीकडे परत जाणारी लाइन ठेवा, म्हणजे जादा पेट्रोल अडून न राहता मागे फिरेल. कार्बच्या अगदी जवळ छोटा गेज लावा आणि काटा दीड पीएसआयच्या वर जाऊ देऊ नका. तिन्ही ओव्हरफ्लोच्या नळ्या एकत्र करून गाडीच्या खाली, गरम भागांपासून दूर सोडा. डिपस्टिक रोज काढा, आणि नुसती बघू नका, हुंगा. सीटखाली एक किलोचा पावडरचा अग्निशामक ठेवा. आमच्याकडे तो नव्हता आणि काही पेटलं नाही, यात आमची हुशारी शून्य.

रबरी नळ्यांचं तर विचारूच नका. बुलेटचे मूळ रबर जॉइंट आमच्या नळकांड्यांना बसेनात, म्हणून रेडिएटरच्या होजचे तुकडे कापून लावले होते. मजबूत, जाड, मापात. रेडिएटरचं होज पाणी आणि कूलंटसाठी असतं, त्या रबराला पेट्रोल चालत नाही. महिन्याभरात ते फुगलं, क्लिपखालून मऊ झालं आणि तिसऱ्या सिलिंडरच्या जॉइंटला आतून चीर गेली. तिथून फुकटची हवा जाऊ लागली. मिसिंग सुरू झालं, प्लग काढले तर एक आणि दोन चांगले तपकिरी, तीनचा खडूसारखा पांढरा. पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी, उष्णता जास्त. असंच रेटलं की व्हॉल्व्ह जळतो. पेट्रोलला टिकणारं रबर मागून घ्या, आणि दुकानदार ‘चालतंय की’ म्हणाला तर तुकडा दोन दिवस पेट्रोलच्या बाटलीत टाकून ठेवा, मग मापून बघा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, त्यात जुनी रबरं आणखी लवकर जातात. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण आणखी कोरडं पडतं. दहा वर्षांपूर्वीचे जेटचे नंबर कुणी दिले तर ते जसेच्या तसे घेऊ नका.

तीन कार्ब एकसारखे लावायचं काम मात्र मजेचं होतं. त्याला व्हॅक्यूम गेजचा सेट मिळतो. आम्ही गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाइप वापरली, यू आकारात वळवून, दोन टोकं दोन कार्बना. एका बाजूचा ओढा जास्त असला की त्या बाजूची पातळी चढते, मग थ्रॉटलचा स्क्रू हलवायचा. फक्त पाइपमध्ये पाणी भरू नका, टू-टी ऑइल भरा. फरक मोठा असला की इंजिन ते गिळून टाकतं, आणि ऑइल गिळलं तर नुसता धूर होतो. आमच्या वेळी सगळी गल्ली धुरात गेली.

आता ब्रेकचं.

मूळ मॅनिफोल्डवर एकच कार्ब असतो, त्याखाली तिन्ही सिलिंडरांची सामाईक पोकळी. तिथं व्हॅक्यूम बऱ्यापैकी एकसारखा टिकतो आणि ब्रेकचा बूस्टर जाड नळीनं तो घेत राहतो. आम्ही प्रत्येक सिलिंडरला वेगळा रस्ता दिला. वेगळ्या रस्त्यात व्हॅक्यूम उचकीसारखा येतो, सिलिंडरनं हवा ओढली की आला, पुढच्या क्षणी गेला. त्यातून बूस्टरची नळी आम्ही एकाच नळकांडीवरच्या बारीक निपलला जोडली होती, कारण तेवढंच भोक तयार होतं. गावात काही जाणवलं नाही. सिग्नलला एकदा ब्रेक दाबायचा, मग बूस्टरला पुन्हा भरायला भरपूर वेळ.

एका रविवारी बायकोला घेऊन पन्हाळ्याला गेलो. चढताना गाडी अशी ओढत होती, की मी तिला दोनदा ‘बघितलंस?’ म्हणालो. उतरताना पहिल्या वळणाला ब्रेक नेहमीसारखा लागला. दुसऱ्याला पेडल कडक वाटलं. तिसऱ्या वळणाला समोरून एसटी, आणि पायाखाली पेडल की दगडी पायरी, तेच कळेना. दोन्ही पायांनी दाबलं, दुसऱ्यात टाकली, हँडब्रेक ओढला.

“अहो, हँडब्रेक कशाला ओढताय?”

“गाडी चेक करतोय.”

वाघबीळपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये रांगत आलो. तिथं चहाच्या गाड्यावर उभं राहिलो तेव्हा उजवी मांडी थडथडत होती. बायकोला खरं काय ते वर्षभरानं सांगितलं.

बूस्टर संपला तरी ब्रेक पूर्ण जात नाहीत, ताकद फार लावावी लागते एवढंच, हे मला पुस्तकात ठाऊक होतं. त्या वळणावर ते आठवत नाही. तीन नळकांड्यांना तीन निपल, तिन्ही एका छोट्या बंद डब्यात, डब्यातून जाड नळी बूस्टरला, मध्ये एकाच दिशेनं उघडणारा व्हॉल्व्ह, अशी रचना हवी. मग मोकळ्या मैदानात, गाडी हळू चालवत, लागोपाठ पाच-सहा वेळा ब्रेक दाबून पाहायचा. पाचव्याला पेडल पहिल्यासारखंच लागलं तर घाटाचं नाव काढा.

मामांनी पन्हाळ्याची हकीकत ऐकली, बोलले काही नाहीत. माझ्या पोत्यातला जुना मॅनिफोल्ड बाहेर काढून त्याची एकेक नळी बोटानं दाखवत गेले. ही ब्रेकची. ही डिस्ट्रिब्युटरची, हिच्या ओढीवर स्पार्क पुढं-मागं होतो. आम्ही ती बोल्ट घालून बंद केली होती, म्हणून अ‍ॅव्हरेज सतरावरून बारावर आलं होतं. ही इंजिनच्या पोटातली वाफ ओढून घेणारी. आमची वाफ उघड्यावर जात होती, म्हणून केबिनमध्ये ऑइलचा वास. हे पाण्याचं, मॅनिफोल्ड गरम ठेवायला. म्हणून आमची गाडी थंडीत दहा मिनिटं खोकायची. पेट्रोल आणि हवा मिसळण्यापलीकडे एवढी कामं तिथून चालत होती, आणि आम्ही मिसळण्याचं तेवढं बघितलं होतं.

पीयूसीलाही नापास झालो. त्या वयाच्या पेट्रोल गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपर्यंत चालतो, आमचा साडेचार आला. कायद्याचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा बजावलं. कार्ब त्यात बसतो की नाही यावर कट्ट्यावर वाद घालता येईल. अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेयरशी तोच वाद घालायची तयारी असेल तर बघा. मैदानात पळवायची, रस्त्यावर न येणारी गाडी असेल तर मी मोडता घालणार नाही. घरच्या माणसांना बसवून न्यायची असेल तर घालीन.

चार महिन्यांनी सगळं उतरवलं. जुना कार्ब्युरेटर मामांनी पूर्ण खोलला, स्लो जेटमधून उजेडाकडे बघितलं आणि माझ्या हातात दिला. उजेड दिसत नव्हता. हवा मारली, बारीक हिरवट खडा उडाला. नवीन पॅकिंग टाकून बसवला तर आयडलिंगला घड्याळासारखा. आधीच्या दोन-तीन ठिकाणी कुणी तो खोललाच नव्हता, आणि खोलायला लावावं हे मलाही सुचलं नव्हतं.

बसवायला मात्र अख्खा दिवस गेला. उतरवताना नळ्यांना खुणा केल्या नव्हत्या. प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून आकडे टाकले असते आणि मोबाइलवर चार फोटो काढले असते तर दोन तासांचं काम. संध्याकाळी सगळं जोडून झालं, गाडी सुरू झाली, आणि फडक्यावर वीतभर लांबीची एक काळी नळी उरली. मामांनी ती उलटसुलट करून पाहिली, मित्रानं पाहिली. ती कुठली हे अजून कळलेलं नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली आहे.