जुनी होडी आणि तिचें लाकूड

होडी पाण्यांत असते म्हणून कुजते, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुस्थिति बहुधा याच्या उलट असते. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला हवा आणि गोड्या पाण्याचा ओलावा लागतो. समुद्राचें खारें पाणी तिला मानवत नाहीं. म्हणून रोज खाडींत जाणारी होडी पुष्कळ वर्षें टिकते, आणि तीच माडाखालीं टाकून तिच्यांत पावसाचें पाणी सांचूं दिलें कीं थोड्याच वर्षांत तिची माती होते. पाश्चात्य देशांत पूर्वीं जहाजें बांधतांना बरगड्यांमधील पोकळींत मीठ भरीत असत, त्यांतील मर्म हेंच.

दिवाळीच्या सुटींत आमच्या एका स्नेह्यांची सोळा फूट लांबीची अशी एक होडी आमच्या अंगणांत आली. त्यांच्या वडिलांनीं तिच्यावर उभा जन्म मासेमारी केली होती; ते वारल्यावर नऊ पावसाळे ती उघडी पडली. शेजाऱ्यांनीं तिच्यांत किती सरपण निघेल याचा हिशेब आम्हांस न विचारतां सांगितला. स्नेह्यांना ती पुन्हां पाण्यावर पाहावयाची होती. परंतु जींत उद्यां त्यांचीं मुलें बसणार, ती होडी केवळ मायेच्या भरंवशावर पाण्यांत लोटतां येत नाहीं.

अशा कामाचा आरंभ दुरुस्तीनें नव्हे, परीक्षेनें करावा. (हा शब्द वाचून विद्यार्थ्यांनीं दचकूं नये.) लाकडी हातोडीनें फळी ठोकीत जावें. निरोगी लाकूड खणखणीत बोलतें, कुजलेलें बद्द वाजतें. संशय आला तेथें टोचा दाबून पाहावा. चांगल्या सागांत तो जेमतेम शिरतो, कुजक्या लाकडांत पावांत शिरावा तसा जातो. लोखंडी खिळ्यांभोंवतीं विशेष पाहावें, कारण गंज फुगतो आणि आसपासचें लाकूडही नासवितो.

तळाच्या एका फळीवर टाचणीच्या डोक्याएवढीं भोकें होतीं. फळी कापली तों आंत बोट जाईल एवढीं भुयारें! हें जहाजकिड्याचें काम. नांव किडा असलें तरी हा प्राणी शिंपल्याच्या कुळांतला आहे. अंगावरील दोन लहान शिंपांनीं तो लाकूड कोरतो. कोलंबसाचीं दोन गलबतें यानेंच पोखरल्यामुळें १५०३ सालीं जमैकाच्या किनाऱ्यास लावावीं लागलीं. पुढें ब्रुनेल नामक अभियंत्यानें याचीच कोरण्याची रीत पाहून बोगदा खणण्याची युक्ति काढली, आणि १८४३ सालीं टेम्स नदीखालून बोगदा खुला झाला. पाण्याबाहेर हा प्राणी जगत नाहीं, त्यामुळें आमच्या होडींत केवळ त्याचीं रिकामीं घरें उरलीं होतीं.

खरी अडचण नाळेजवळच्या फळीपाशीं आली. ती बद्द वाजत होती. "मास्तर, ही बाबांनीं स्वतः बसविली आहे. ही राहूं द्या," स्नेही म्हणाले. आम्ही टोचा त्यांच्याच हातीं दिला. तो मुठीपर्यंत आंत गेला, तरी त्यांचें मन होईना. तेव्हां आम्ही त्यांस गालील सरोवरांतील होडीची हकीकत सांगितली. १९८६ सालीं अवर्षणानें सरोवराचें पाणी ओसरलें असतां दोन भावांना तेथील चिखलांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींची मासेमारीची होडी सांपडली. तिच्यांत दहांहून अधिक जातींचीं लाकडें निघालीं. म्हणजे तिच्या धन्यांनीं हातीं येईल तें लाकूड घालून ती पुनःपुन्हां सांधली होती. स्नेही बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाबांनीं तरी ही दुसरी फळी काढूनच बसविली होती."

नवी फळी जोडतांना टोकास टोक भिडवूं नये. दोन्ही टोकें तिरपीं तासून एकमेकांवर बसवावीं. फळी इंचभर जाड असेल तर तिरका भाग निदान आठ इंच लांब असावा. तांब्याचे व लोखंडाचे खिळे एकत्र वापरूं नयेत; खाऱ्या पाण्यांत दोहोंमध्यें विद्युत्प्रवाह सुरू होऊन लोखंड झपाट्यानें झिजतें. फटींत कापसाची वात बोथट छिन्नीनें बसवून वर राळ व तेल यांचें मिश्रण भरावें. वात फार ठासूं नये. लाकूड भिजल्यावर आडवें फुगतें, लांबींत जवळजवळ मुळींच नाहीं. फटींत जागाच न उरली तर फळ्या खिळ्यांतून सुटूं पाहतात. शेवटीं माशाचें तेल चोपडलें. त्या आठवड्यांत आमच्याकडे फारसे पाहुणे आले नाहींत.

शिमग्यानंतर भरतीच्या वेळीं होडी खाडींत ढकलली. तासाभरांत ती पाण्यानें अर्धी भरली आणि शेजाऱ्यांस पुन्हां सरपण आठवलें. आम्हीं ती तशीच कांठाशीं बांधून ठेविली व सकाळसंध्याकाळ पाणी उपसलें. दुसऱ्या दिवशीं निम्में पाणी येऊं लागलें. चौथ्या दिवशीं सकाळीं तळाशीं तांब्याभर पाणी होतें, आणि तें एका जुन्या खिळ्याच्या भोकांतून येत होतें. तेवढें बुजवून स्नेह्यांनीं वल्हीं मागितलीं.