उतरलेलं वजन परत चढलं, तर?



या अंकातला आरोग्याचा धडा लिहायला मी जरा टाळाटाळ केली. कारण त्याची सुरुवात माझ्याच चुकीपासून करावी लागणार होती.

मागच्या वर्षी एका ग्रामसंघात मी वजन घटवायची स्पर्धा ठेवली होती. दोन महिने, दर पंधरा दिवसांनी सगळ्यांसमोर काट्यावर उभं राहायचं, आकडा फळ्यावर लिहायचा आणि जिंकेल तिला स्टीलचा डबा. पंचेचाळिशीच्या एका ताईंनी सहा किलो कमी केले. टाळ्या झाल्या, फोटो झाला, फोटो भिंतीवर लागला. या वर्षी पोळ्याच्या सुमारास त्याच ताई बैठकीत पार मागे भिंतीला टेकून बसलेल्या. गेलेले सहा जाऊन आठ परत आले होते. बैठक उठल्यावर जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, तेवढा माझा फोटो काढून टाका की. बाया बघून हसत्यात."

मग मी विचारलं, ताई, कमी कसं केलं होतं हो? तर रात्रीचं जेवण बंद, सकाळी नुसता काळा चहा, दुपारी अर्धी भाकरी. त्यांना साखरेची गोळी चालू होती. गोळी तेवढीच आणि जेवण निम्म्याहून कमी! एका संध्याकाळी रानातून येताना दरदरून घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या बांधावरच बसल्या. कुणाला सांगितलं नाही, स्पर्धेतून काढतील म्हणून. मी समाजकार्य शिकलेली, फॉर्म सगळ्यांचे भरून घेतलेले, पण "गोळ्या चालू आहेत का?" एवढा एक प्रश्न माझ्या फॉर्मवर नव्हता.

म्हणून हा धडा त्यांच्यासाठी, ज्यांनी एकदा वजन उतरवलंय, ते परत चढलंय आणि आता चाळिशी-पन्नाशीत पुन्हा उतरवायचंय. सगळ्यांसाठी नाही, हेही सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यात साधारण पाच बायकांमागे एक कमी वजनाची निघाली आणि जवळजवळ चार बायकांमागे एक जास्त वजनाची. एकाच बचतगटात दोघी शेजारी बसलेल्या असतात. जिचं वजन आधीच कमी आहे, तिनं हे वाचून एक घासही कमी करायचा नाही.

परत का वाढतं?

आधी एक मनातनं काढून टाका, की वजन परत वाढलं म्हणजे आपण आळशी किंवा हावरट. अमेरिकेत टीव्हीवर वजन घटवायची एक मोठी स्पर्धा व्हायची. तिच्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तो अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. १४ पैकी १३ जणांचं वजन थोडंफार परत वाढलेलं होतं. आणि त्यांचं शरीर, त्या वजनाच्या माणसाला जेवढं अन्न जाळायला पाहिजे, त्यापेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. आपल्या हिशोबात ती दीड मोठी भाकरी झाली. शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय. दुष्काळात आपण काय करतो? हात आखडता घेतो, आणि पाऊस झाला की आधी कणगी भरून ठेवतो. शरीरही तेच करतं.

दुसरी गोष्ट स्नायूंची, आणि या धड्यात हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. उपाशी राहून वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी जात नाही, दंडा-मांड्यांचं मांसही जातं. वजन परत येतं तेव्हा मात्र चरबी लवकर येते, मांस तेवढं येत नाही. पाळी गेलेल्या बायकांमध्ये हे जास्त दिसतं. काट्यावर आकडा तोच दिसेल, पण आतलं शरीर बदललेलं असतं. जिना चढताना धाप लागते, खाली बसलं की उठताना हात टेकावा लागतो. म्हणजे असं तीनदा उतरवून चढवलं, तर वजन पहिल्याइतकंच आणि बाई मात्र पहिल्यापेक्षा अशक्त!

"मॅडम, वय झालं आता, कुठलं उतरतंय?" असं बऱ्याच जणी म्हणतात. २०२१ मध्ये ६,४०० हून जास्त लोकांचा एक जागतिक अभ्यास आला. त्यात दिसलं, की शरीराच्या आकारमानाचा हिशोब धरला तर विशीपासून साठीपर्यंत शरीराचं अन्न जाळणं फारसं बदलत नाही. मग बदलतं काय? आपलं काम बदलतं, स्नायू कमी होतात, आणि पाळी जायच्या काळात चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते.

आपल्या जिल्ह्यात कामाचं तर वेगळंच आहे. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर गेलेली बाई पहाटेपासून ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. पट्टा पडला की वाळून घरी येते. गावात चार महिने राहिली की अंगावर थोडं चढतं, परत कोयत्यावर गेली की उतरतं. वीस वर्षं असंच. मग एक दिवस कंबर धरते, नाहीतर पोरं कमावती होतात आणि कोयता सुटतो. काम सुटतं, भाकऱ्या तेवढ्याच राहतात. वर घरातलं उरलेलं टाकवत नाही म्हणून रात्री साडेनऊला सगळ्यांच्या शेवटी, पातेलं पुसून जेवायचं. या ताईंचं वजन कधी "डाएट" करून उतरलेलं नव्हतं, कष्टानं उतरलेलं होतं. त्यामुळे आता ते का उतरत नाही, हेच त्यांना कळत नाही.

आणि पिशवीचं काय, हे लिहिल्याशिवाय बीडमध्ये हा विषय पुरा होत नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. त्यातल्या पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोषही काढले असतील, तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम पस्तिशीतच सुरू होतात. अंगातून गरम वाफा, झोप मोडणं, पोट सुटणं, हाडं ठिसूळ होणं. बीजकोष ठेवले असले तरी ते परिणाम थोडे लवकर येऊ शकतात. किती जणींना माहीत आहे, आपलं नक्की काय काय काढलं? मी एका गटात विचारलं तर निम्म्या गप्प बसल्या. डिस्चार्ज कार्ड शोधा. ते नसेल तर ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफीत कळतं का, विचारा. हे कळलं की डॉक्टरांना हाडांची काळजी कशी घ्यायची ते ठरवता येतं. नुसतं "वजन कमी करा" सांगून भागत नाही.

दुसऱ्यांदा कसं उतरवायचं?

पहिल्यांदा केलं तसं नाही. गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टर. साखरेच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, आणि इन्सुलिन चालू असताना जेवण चुकवलं तर साखर धोकादायक उतरते. घाम, थरथर, धडधड, अंधारी असं झालं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, मग जेवायचं. रक्तदाबाच्या गोळ्याही वजन उतरलं की कमी कराव्या लागू शकतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. थायरॉइड एकदा तपासून घ्या. उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, तिशीच्या पुढच्या सगळ्यांची रक्तदाब-साखर तपासणी मोफत आहे.

दोन वेळा जेवायच्या पद्धतीबद्दल सगळ्याच गटांत विचारतात. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे ती घरोघरी पोचली, अनेकांना फायदाही झाला. पण तेही सुरू करण्याआधी रक्ताच्या तपासण्या करायला सांगतात, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. माझं मत विचाराल तर दोनदा जेवा नाहीतर चारदा, जे पुढच्या पोळ्यापर्यंत निभेल तेच धरा. दोन महिने निभणारं काहीही नको. गावात कुणी हजार-दोन हजारांचा पावडरीचा डबा घेऊन आलं, तर डबा संपल्यावर काय खायचं ते आधी विचारा.

काटा जरा बाजूला ठेवू. शिवणकाम करणाऱ्या ताईंकडची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, माप घ्यायचं. आशाताई जो फॉर्म भरतात त्यात बाईच्या कमरेला ८० सेंटिमीटरपर्यंत शून्य गुण, ८१ ते ९० ला एक, त्यापुढे दोन. एकूण गुण चारच्या वर गेले तर तपासणी आधी करायची. ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच. स्नायू वाढत असतील तर काटा हलणार नाही, पण टेप सांगेल.

हिशोब आपल्याला शिकवायची गरज नाही, तो आपण दर आठवड्याला लिहितो. त्यात दोन ओळी वाढवा: तेल आणि साखर. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज ३० ग्रॅम झालं, म्हणजे २७० कॅलरी. सात लिटर लागत असेल तर पावणेचारशेच्या पुढे. साखरेचं तसंच. पाच कप चहा, कपाला दोन चमचे, म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम, महिन्याला एका बाईची दीड किलो! जागतिक आरोग्य संघटना दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. हा हिशोब मांडला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "आपुनच तोडायचा ऊस अन् आपल्याच कमरंला लागायची साखर!" एकदम बंद करू नका. दोनाचा दीड चमचा, महिन्यानं एक. आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी, तळलेले वेफर्स खाऊन "आज उपास होता" हे वजनाच्या खात्यात धरू नका.

भाकरी सोडायची नाही. मोठ्या भाकरीला शंभरेक ग्रॅम पीठ जातं, म्हणजे सुमारे साडेतीनशे कॅलरी. तिनाच्या दोन करा, पण ती जागा रिकामी ठेवू नका. मटकी, हुलगे, हरभरा, घट्ट वरण, अंडं, ताक. साठ किलोच्या बाईला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन भाकऱ्यांतून अठरा-वीस, दोन अंड्यांतून बारा, वाटीभर कोरड्या मटकीतून बारा-चौदा अशी बेरीज होते. माळकरी ताईंनी अंड्याऐवजी सोयाबीनच्या वड्या धराव्यात. आपण सोयाबीन पोत्यानं विकतो आणि घरात दाणा ठेवत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवा.

"दिवसभर राबतो, अजून व्यायाम कशाला?" हा प्रश्न बरोबर आहे, मला त्यावर हसू येत नाही. पण घरकामात आपण वाकलेल्या कमरेनं तेच तेच करतो. मांड्या, पाठ, दंड यांना जोर लागेल असं काम कोयता सुटल्यावर उरत नाही. खुर्चीवरून किंवा बाजेवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं, थांबायचं, असं तीनदा. भिंतीला हात लावून उभ्यानं दंड. आठवड्यातून तीन दिवस पुरे. बाकीचे दिवस गटानं मिळून अर्धा तास भरभर चालायचं. ज्यांचं अंग बाहेर येतं, त्यांनी जड उचलायचं नाही. आणि हे लाजेनं लपवायचंही नाही, त्यावर उपचार आहेत.

किती उतरवायचं? शंभरात पाच ते सात. सत्तर किलोच्या बाईनं साडेतीन ते पाच किलो. हसू नका. साखर सीमेवर असलेल्या ३,२३४ लोकांचा अमेरिकेत मोठा अभ्यास झाला. त्यातल्या एका गटाला सात टक्के वजन घटवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं लक्ष्य दिलं. तीन वर्षांत त्यांच्यात मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला. पुढे त्यांतल्या बऱ्याच जणांचं वजन परत वाढलं. तरी पंधरा वर्षांनी बघितलं तेव्हाही त्या गटात मधुमेह २७ टक्क्यांनी कमीच होता. फोटोवाल्या ताईंना मी हे सांगितलं, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

फोटो मी त्याच दिवशी काढला. त्या जागी आता तेल-साखरेचा तक्ता आहे, त्यावर कुणाचं नाव नाही. ताईंनी आधी डॉक्टरांकडे जाऊन गोळी बदलून घेतली. चार महिन्यांत वजन दोनच किलो उतरलंय, पण कंबर दीड इंच कमी भरली आणि हात न टेकता उठता येतं. परवा भेटल्या तर म्हणाल्या, "या हिशोबानं तुमचा डबा माघारी द्यावा लागतोय बघा." मी म्हटलं, राहू द्या, त्यात मटकी भिजवा.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं एक टेप आणायची आहे. मापं पडद्याआड घ्यायची, आकडा जिचा तिच्या वहीत, मोठ्यानं वाचायचा नाही. आशाताईंना फॉर्म घेऊन बोलावलं आहे, चालू गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. ज्या ताई आत्ता कारखान्यावर आहेत, त्यांच्यासाठी हा अंक जपून ठेवा. पट्टा पडून त्या आल्या की वाचून दाखवा.