पसरणी घाट आणि तुझी नवी गाडी

चि. चिऊस,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. हे फोनवर उरकण्यासारखं नाही म्हणून लिहून पाठवतोय. वाचून झालं की दाजींनाही दे, कारण निम्मं पत्र त्यांच्यासाठीच आहे.

वाईत राहून पाचगणीच्या शाळेत नोकरी म्हणजे रोज पसरणी घाट आलाच. दाजी म्हणतात डिझेल घे, शोरूमवाला म्हणतो टर्बो पेट्रोल घे, तुझी शाळेतली मैत्रीण म्हणते साधी पेट्रोल पुरते. तिघांचंही थोडंथोडं बरोबर आहे. पण एक प्रश्न तुला कुणीच विचारलेला दिसत नाही: गाडी एकदा सुरू केलीस की बंद करेपर्यंत किती चालणार? गॅरेजात डिझेल गाडी तक्रार घेऊन आली की मी पहिलं हेच विचारतो.

आधी दाजींचं. ‘डोंगर म्हटला की डिझेल’ हे त्यांनी उगीच धरलेलं नाही. त्यांच्या उमेदीत पेट्रोल गाडी म्हणजे कार्ब्युरेटरची पद्मिनी, नाहीतर अ‍ॅम्बेसेडर. एप्रिल-मे महिन्यात घाट चढताना इंजिन तापायचं, पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी मध्येच बंद. मग बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं टाका, कठड्यावर बसून राहा. तेवढ्यात प्यूजोच्या डिझेल इंजिनाची महिंद्रा जीप माणसांनी खचाखच भरलेली, धूर ओकत का होईना, शेजारून वर निघून जायची. हे ज्यानं पाहिलंय त्याचा पेट्रोलवर भरवसा बसणार कसा? पुढे दरांनीही डिझेलचीच बाजू घेतली. पेट्रोलचे दर २०१० साली खुले झाले आणि डिझेलचे २०१४ साली. मधल्या काळात लिटरमागचा फरक खूप वाढला आणि लोकांनी डिझेल गाड्यांवर उड्या टाकल्या. आज आपल्याकडे तो फरक तेरा-चौदा रुपयांवर आलाय. शिवाय १ एप्रिल २०२० ला धुरावरचे बीएस-६ नियम लागू झाले आणि मारुतीनं डिझेल गाड्या बनवणंच सोडलं. दाजींच्या डोक्यातली डिझेल गाडी आणि आज शोरूममध्ये उभी असलेली डिझेल गाडी यांत फक्त इंधन सारखं उरलंय.

आता चढाचं बघ. चढाला लागतो टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, आणि तोही कमी आरपीएमला. ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात छापतात ती हॉर्सपॉवर सपाटीवर पळायला कामाची. क्रेटाचं उदाहरण देतो. तीच घे असं नाही, पण तिची तिन्ही इंजिनं दीड लिटरची आहेत म्हणून तुलना सोपी जाते. साध्या पेट्रोलचा टॉर्क १४४ न्यूटन-मीटर, आणि तो पुरा मिळतो साडेचार हजार आरपीएमला. डिझेलचा २५०, दीड हजारापासूनच. टर्बो पेट्रोलचा २५३, तोही दीड हजारापासून. साध्या पेट्रोलची आणि डिझेलची हॉर्सपॉवर मात्र जवळपास सारखी, ११५-११६. म्हणजे घाटात जो फरक जाणवतो तो बराचसा टर्बोचा असतो, आणि आपण त्याचं श्रेय डिझेलला देऊन बसतो. साधी पेट्रोलसुद्धा घाट चढतेच, फक्त रेस वर ठेवावी लागते आणि इंजिनाच्या आवाजाला घाबरून चालत नाही. चार माणसं, सामान आणि एसी असेल तर ती दम टाकते, हे खरं.

टर्बोलाही एक खोड असते. अवघड वळणावर गाडी पार हळू होते, आरपीएम दीड हजाराच्या खाली जातो आणि टर्बो झोपतो. दुसऱ्या गिअरमध्येच वळण काढायच्या नादात गाडी धक्के खाते आणि मागचा टेम्पो हॉर्न मारायला लागतो. डिझेल असो की पेट्रोल, अशा वेळी निमूट पहिला गिअर टाकायचा. त्यात कमीपणा नाही. हाफ क्लचवर गाडी ओढत राहिलीस तर क्लचप्लेट जळेल आणि ते बिल माझ्या हातून घ्यावं लागेल.

आता तो पहिला प्रश्न. बीएस-६ डिझेल गाडीला सायलेन्सरच्या वाटेवर एक फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात त्याला. धुरातली काजळी तो अडवतो. काजळी ठरावीक प्रमाणात साचली की कॉम्प्युटर जास्तीचं डिझेल सोडून फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापवतो आणि ती जाळून टाकतो. याला गाडी गरम असावी लागते आणि दहा-वीस मिनिटं एकसारखी चालावी लागते. तुझी सकाळ डोळ्यांसमोर आण. वाईत थंड इंजिनाला सेल मारलास, पसरणी सोडून घाटाला लागलीस, निम्म्या चढावर इंजिन खरं गरम झालं, जळायला सुरुवात झाली, तेवढ्यात शाळेचं फाटक आलं. चावी बंद. संध्याकाळी उतारच उतार: रेसवर पाय नाही, इंजिनात डिझेल जवळपास जात नाही, सायलेन्सर गारच राहतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अशा गाड्या माझ्याकडे येतात. गाडी उभी असताना आरपीएम नेहमीपेक्षा वर, चावी काढल्यावरही पंखा जोरात चालू, करपल्यासारखा वास. डिपस्टिक काढून बघावी तर ऑइल ‘मॅक्स’च्या खुणेच्याही वर! गिऱ्हाईक खूश होतं, म्हणतं ऑइल अजिबात खात नाही. बोटावर घेऊन चोळलं की पातळ लागतं आणि डिझेलचा वास येतो. फिल्टर साफ करायला सोडलेलं डिझेल अर्धवट राहून रिंगांच्या कडेनं खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. त्या ऑइलवर टर्बो चालवायचा म्हणजे त्याचं आयुष्य आपल्या हातानं कमी करायचं. डिझेलच घेतलीस तर आठवड्यातून एकदा सुरूर फाट्यावरून हायवेला लागून साताऱ्यापर्यंत एकसारख्या वेगानं जाऊन यावं लागेल. वेळ असेल तर जरूर ये, मामी जेवायला वाढेल. पण गाडीसाठी म्हणून दर आठवड्याला येशील असं मला वाटत नाही.

पैशांचा हिशेब मी ढोबळ मांडला. शाळेच्या सुट्ट्या धरून तुझं वर्षाचं रनिंग आठ हजार किलोमीटरच्या पुढे जाणार नाही. घाटात टर्बो पेट्रोलला लिटरला तेरा आणि डिझेलला सतराचा अ‍ॅव्हरेज धरला तर वर्षाला वीस-एकवीस हजार वाचतात. डिझेल गाडी सव्वा-दीड लाखानं महाग, वर महाराष्ट्रात तिचा रोड टॅक्स दोन टक्के जास्त. वरचे पैसे वसूल व्हायला सातेक वर्षं लागतील, आणि मध्ये एखादं नोझल गेलं तर त्याहून जास्त. हेच तू कुंभार्ली घाट ओलांडून रोज कऱ्हाड-चिपळूण करणारी असतीस, तर दाजींच्या शेजारी उभा राहून मीच डिझेल घे म्हणालो असतो.

इथवर चढच झाला. पण घाटात माणसं मरतात ती बहुतेक उतारावर, आणि त्याबद्दल तुला कुणी काही सांगितलेलं दिसत नाही. शनिवार-रविवारी घाटाच्या खाली उभी राहून बघ. बाहेरगावच्या गाड्या उतरतात, चाकांतून धूर, लायनर जळाल्याचा वास, आणि कुणीतरी बाटलीतलं गार पाणी तापलेल्या डिस्कवर ओतत असतो. त्यानं डिस्क वाकडी होते आणि पुढे जन्मभर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. पूर्ण घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की पॅड तापून पकड सोडतात. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यातलं पाणी उकळतं, पेडल थेट तळाला जातं. ते ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, सर्व्हिसवाला आठवण करून देवो अथवा न देवो.

उताराला गाडी गिअरनं धरायची. जो चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढलीस तो दुसऱ्यातच उतरायचा. लोक म्हणतात डिझेल इंजिन उताराला जास्त धरतं. मुळात पेट्रोलमध्ये रेस सोडली की हवेची झडप मिटते आणि इंजिन स्वतःच गाडीला मागे खेचतं. डिझेलमध्ये हवा तशी अडवली जात नाही. म्हणून तर ट्रकना वेगळा एक्झॉस्ट ब्रेक बसवावा लागतो. लहान गाड्यांत हा फरक इतका नसतो की त्यावर निवड करावी. आणि न्यूट्रलला टाकून डिझेल वाचवणाऱ्या ड्रायव्हरचं ऐकू नकोस. गिअरमध्ये असताना पाय काढलास की आजची गाडी इंधन आपोआप बंद करते. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला तिला ते प्यावंच लागतं. चावी बंद करून उतरणं तर मूर्खपणाच: दोन-तीनदा दाबला की ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग जड.

लडाखचं विचारलंयस. पाचगणी तेराशे मीटरच्या आतली, सह्याद्रीत विरळ हवेचा त्रास इंजिनाला फारसा होत नाही. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो, साधी पेट्रोल गाडी तिथे अर्धी होते, टर्बोवाली बरीच सांभाळून घेते. हिवाळ्यात तिकडे नेहमीचं डिझेल गोठायला लागतं, म्हणून इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं. तू जूनमध्ये जाणार, तुला त्याची गरज नाही. आणि आयुष्यात एकदा जायच्या सहलीसाठी रोजची गाडी ठरवू नये.

ऑटोमॅटिक हवीच असेल तर एएमटी घेऊ नकोस, घाटात ती गिअर बदलायला नको तेव्हा विचार करत बसते. ड्युअल क्लचही सुट्टीच्या दिवशी पसरणीच्या रांगेत मुंगीच्या पावलांनी सरकताना तापतो. टॉर्क कन्व्हर्टर चालेल. मॅन्युअल असेल तर उत्तम, हिल होल्ड मात्र बघून घे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, त्यानं अ‍ॅव्हरेज थोडा पडतो. आपला जिल्हा उसाचा, तक्रार कुणाकडे करणार! नवी गाडी त्यासाठी बनवलेली असते, काळजी नको.

तेव्हा माझ्या मते टर्बो पेट्रोल, मॅन्युअल. ट्रायल शोरूमच्या सपाट रस्त्यावर घेऊ नकोस. गाडीत चार माणसं बसव, एसी लाव आणि घाटात ने. शोरूमवाले त्याला तयार झाले नाहीत तर दुसरं शोरूम बघ. बुकिंगची पावती करण्याआधी मला फोन कर. आणि विमा त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे अशी सक्ती नसते. ते तसं भासवतील, तू दोन-तीन ठिकाणचे दर काढून ठेव.

तुझा,
मामा