लहान कुत्रा आणि मोकळे मैदान

प्रस्तावना

घरात पाळलेल्या कुत्र्याला अन्न आणि माया मिळाली, म्हणजे त्याच्या सर्व गरजा भागल्या असे नाही. चालणे, मातीचा वास घेणे आणि इतर कुत्र्यांची ओळख होणे याही त्याच्या स्वाभाविक गरजा आहेत. शहरात मात्र घरे लहान, रस्ते गजबजलेले आणि मैदाने थोडी. अशा ठिकाणी चार-पाच किलो वजनाच्या कुत्र्याला बाहेर नेणे हे प्रेमाइतकेच विचाराचेही काम ठरते. कोलकात्याच्या बेहाला या उपनगराच्या आधारे प्रस्तुत पाठात या कामाची माहिती दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी करता येतील :
• लहान कुत्र्याच्या शरीराच्या मर्यादा सांगणे.
• मैदानात नेण्यापूर्वीची व नेल्यानंतरची दक्षता स्पष्ट करणे.
• कुत्रा चावल्यास करावयाचे उपाय क्रमाने लिहिणे.
• पाळीव व मोकाट कुत्र्यांच्या सुरक्षिततेचा परस्परसंबंध समजावून देणे.

मूलपाठ

१. बेहाला : दाट वस्ती, थोडी मैदाने

बेहाला हा कोलकात्याच्या नैर्ऋत्येचा जुना भाग. पूर्वी तो साउथ सबर्बन नगरपालिकेत होता. १९८४ मध्ये तो कोलकाता महानगरपालिकेत समाविष्ट झाला. डायमंड हार्बर रस्ता हा त्याचा कणा. या रस्त्यावरून जाणारी जोका ते तारातला ही मेट्रो डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि मार्च २०२४ मध्ये ती माझेरहाटपर्यंत पोहोचली. बेहाला चौरस्ता, सखेर बाजार, ठाकुरपुकुर ही तिच्यावरील स्थानके. ठाकुरपुकुर या नावातील 'पुकुर' म्हणजे तळे.

मुख्य रस्ता सोडून आत वळले, की बंगाली माणूस ज्याला 'पाडा' म्हणतो त्या वस्त्या लागतात. चिंचोळ्या गल्ल्या, एखादे तळे आणि मुले जिथे फुटबॉल खेळतात असे एखादे मैदान, असे त्यांचे सर्वसाधारण रूप असते. त्याच मैदानात पहाटे वृद्ध फिरतात आणि पाड्यातले मोकाट कुत्रे झोपतात. घरच्या कुत्र्यालाही तिथेच न्यावे लागते. म्हणून मैदान कोणा एकाचे नाही, ही गोष्ट पहिल्यांदा ध्यानी घ्यावी लागते.

२. श्वान-उद्यानाची कल्पना

कुत्र्यांना मोकळे सोडता यावे, यासाठी कुंपण घातलेल्या जागेला श्वान-उद्यान म्हणतात. अमेरिकेतील बर्कले शहरात १९७९ साली सुरू झालेले उद्यान या प्रकारातील आद्य मानले जाते. भारतात हैदराबाद महानगरपालिकेने २०१८ मध्ये कोंडापूर येथे सुमारे सव्वा एकर जागेत असे उद्यान उभारले.

चांगल्या श्वान-उद्यानाला दोन फाटके असतात. एक बंद झाल्याशिवाय दुसरे उघडायचे नसते, त्यामुळे कुत्रा निसटत नाही. लहान आणि मोठ्या कुत्र्यांसाठी वेगळे कप्पे असतात. ज्या वस्तीत असे उद्यान नाही, तिथे या दोन सोयींचे काम माणसाला करावे लागते : हातातला पट्टा हेच कुंपण आणि वेळेची निवड हाच वेगळा कप्पा.

३. लहान शरीराच्या मर्यादा

२००३ साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागून चालणारा पग जातीचा कुत्रा दिसला आणि ही जात भारतभर लोकप्रिय झाली. पांढऱ्या, केसाळ स्पिट्झला तर अनेक घरांत 'पामेरियन' म्हणूनच ओळखतात. दिसायला गोजिरवाणे असलेल्या या कुत्र्यांच्या काही अडचणी आहेत.

पहिली अडचण उष्म्याची. माणसाप्रमाणे कुत्र्याला सर्वांगाला घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरील ओलावा उडवून शरीर थंड ठेवतो. कोलकात्याच्या दमट हवेत हा ओलावा लवकर उडत नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याचा श्वासमार्ग मुळातच अरुंद असतो. त्याला उष्माघाताचा धोका अधिक. त्याला पहाटे किंवा सूर्य मावळल्यावरच बाहेर न्यावे.

दुसरी अडचण हाडांची व गळ्याची. अगदी लहान जातींच्या पुढच्या पायांची हाडे उंचावरून उडी मारल्यानेही मोडू शकतात. त्यांची श्वासनलिकाही नाजूक असते. म्हणून गळपट्ट्याला दोरी बांधण्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा वापरणे हिताचे.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर. लहान कुत्रा किंचाळत पळू लागला, तर मोठ्या कुत्र्यातील शिकारीची उपजत प्रवृत्ती जागी होते. क्षणापूर्वी खेळत असलेला कुत्राही अशा वेळी त्याला सावज समजू शकतो. मोठ्या कुत्र्याच्या मनात वैर नसले, तरी दोघांच्या वजनातील फरकच जीवघेणा ठरतो.

४. बाहेर पडण्यापूर्वी

पिल्लाला साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांच्या लसी टप्प्याटप्प्याने देतात. पार्व्होचे विषाणू मातीत अनेक महिने टिकतात. लसींची मालिका पूर्ण होऊन पशुवैद्यांनी संमती देईपर्यंत पिल्लाला मैदानातील मातीवर सोडू नये. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात देतात. पुढील मात्रा वेळेवर घ्याव्या लागतात. लसीची नोंदवही जपून ठेवावी आणि महानगरपालिकेकडे कुत्र्याची नोंदणी करावी.

अनेक घरांत कुत्र्याला फिरवण्याचे काम मुलाकडे किंवा घरकामाच्या माणसाकडे असते. जो फिरवतो त्यालाच ही सर्व माहिती असली पाहिजे. कुत्र्याच्या मालकाला नियम ठाऊक आहेत, पण दोरी धरणाऱ्याला नाहीत, अशी स्थिती धोक्याची होय.

५. मैदानात पाळावयाची दक्षता

मैदानात शिरण्यापूर्वी दोन मिनिटे बाहेर थांबून पाहावे. आत किती कुत्रे आहेत, त्यांतले कोणी सुटे आहेत काय, कोणाला खाऊ घातला जात आहे काय, हे पाहावे. खाण्यावरून कुत्री सहज भांडतात. अशा वेळी दुसरी वाट धरावी.

पट्टा दीड-दोन मीटर लांबीचा असावा. तो ताणून धरू नये, कारण ओढलेल्या पट्ट्यामुळे कुत्रा अधिक बिथरतो. समोरचा कुत्रा पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच करीत असेल, तर ते खेळाचे आमंत्रण असते. शरीर ताठ, नजर रोखलेली आणि शेपटी उंच व स्थिर असेल, तर शांतपणे दिशा बदलावी. पळू नये, ओरडू नये.

लहान कुत्र्याला वारंवार उचलून घेतल्यास तो भित्रा आणि चिडखोर होतो. मात्र खरा धोका दिसल्यास वेळीच उचलावे. एक हात छातीखाली व दुसरा मागच्या पायांखाली घालून त्याला अंगाशी धरावे आणि समोरच्या कुत्र्याकडे खांदा वळवावा. डोक्यावर उंच धरल्यास मोठा कुत्रा झेप घेतो. झुंज लागलीच, तर मध्ये हात घालू नये. पाणी फेकावे, मोठा आवाज करावा किंवा दोघांमध्ये उघडी छत्री धरावी. कोलकात्यात छत्री बहुधा जवळ असतेच.

पावसाळ्यात बेहालाच्या अनेक गल्ल्यांत पाणी साचते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग कुत्र्याला व माणसालाही होतो. त्या पाण्यातून कुत्र्याला नेऊ नये; घरी येताच त्याचे पाय धुऊन कोरडे करावेत. कालीपूजेच्या सुमारास फटाके सुरू होण्याआधीच फेरी आटोपावी. कुत्र्याची विष्ठा कागदाने उचलून कचरापेटीत टाकणे, हे तर मैदानातील प्रत्येकाविषयीचे कर्तव्य आहे.

६. चावा घडल्यास

भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये, यासाठी पुरेशी काळजी न घेणे हा गुन्हा आहे. कुत्रा लहान आहे, ही सबब येथे चालत नाही. लहान कुत्र्याचे दातही रक्त काढतात.

चावा झाल्यास जखम तत्काळ वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. तिच्यावर हळद, चुना किंवा तिखट लावू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. पूर्वी मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली लस पोटात अनेक दिवस टोचत असत. भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. आता त्वचेत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ या दिवशी दंडावर देतात. जखम खोल असल्यास जखमेतही प्रतिद्रव्य टोचतात. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. लक्षणांपूर्वी योग्य उपचार झाले, तर जवळजवळ नेहमीच वाचतो. दिरंगाई न करण्याचे महत्त्व यातच आहे.

७. गल्लीतील कुत्रे : शत्रू की शेजारी?

पाळीव कुत्र्याचे मालक मोकाट कुत्र्यांवर दगड भिरकावताना पुष्कळदा दिसतात. दगडाने कुत्रा दूर जातो, पण माणसाविषयीचा संशय घेऊन जातो. मोकाट कुत्रे हद्दीचे पक्के असतात. एका टोळीला हुसकावले, तर रिकाम्या जागेत दुसरी, अनोळखी टोळी येते.

प्राणी जन्मनियंत्रणाचे नियम देशात प्रथम २००१ मध्ये आणि नव्या स्वरूपात २०२३ मध्ये आले. मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण हा त्यांचा गाभा. खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्यापासून दूर ठरवावी, असेही २०२३ चे नियम सांगतात. एखाद्या भागातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली, तर त्यांच्यातील रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना मानते. म्हणजे घरातल्या लाडक्या कुत्र्याचे संरक्षण केवळ त्याच्या लसीवर अवलंबून नाही. गल्लीच्या तोंडाशी झोपलेल्या, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या कुत्र्याला लस मिळाली की नाही, यावरही ते अवलंबून आहे. पाड्यातील रहिवाशांनी लसीकरणाच्या दिवशी त्या कुत्र्यांना पकडण्यास मदत केली, तर मैदान सर्वांसाठीच निर्भय होईल.

पाठगत प्रश्न

१. चपट्या नाकाच्या कुत्र्याला दमट हवेत अधिक त्रास का होतो?
२. श्वान-उद्यानाला दोन फाटके का असतात?
३. लहान कुत्र्याला डोक्यावर उंच धरणे चुकीचे का आहे?

सारांश

लहान कुत्र्याला मोकळे मैदान हवेच. पण योग्य वेळ, पूर्ण लसीकरण, छातीपट्टा आणि सावध नजर यांच्या सोबतीने. संकटात आरडाओरड न करता दिशा बदलावी. चावा झाल्यास जखम धुऊन त्वरित उपचार घ्यावेत. मोकाट कुत्र्यांचे लसीकरण हे पाळीव कुत्र्याच्या आणि माणसाच्याही हिताचे आहे.

स्वाध्याय

१. 'हातातला पट्टा हेच कुंपण' या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. घरच्या कुत्र्याला प्रथमच फिरवायला नेणाऱ्या व्यक्तीसाठी आठ ओळींत सूचना लिहा.
३. आपल्या वस्तीतील मैदान मुले, वृद्ध व कुत्रे यांना वेगवेगळ्या वेळी वापरता यावे, अशी विनंती करणारे पत्र स्थानिक नगरसेवकांना लिहा.