जुनी नाणी घासावीत का?

सणावाराला तांब्याचे ताम्हन चिंचेने घासतात, हे तुम्ही घरी पाहिले असेल. काळवंडलेले ताम्हन बघता बघता लख्ख होते. मग जुने, हिरवे पडलेले नाणेही तसेच घासले तर काय बिघडले?

खुलताबादला लहानपणी मी हेच केले. आजोबांच्या फडताळातले तांब्याचे एक जाड नाणे चिंच आणि राख लावून चकचकीत केले. चकाकी आली, पण आधी पुसट दिसणारी फारसी अक्षरे गेली. ते नाणे कोणाचे होते, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

खुलताबादेत मलिक अंबर, औरंगजेब आणि पहिला आसफजाह यांच्या कबरी आहेत. एवढ्या राजवटी पाहिलेल्या या भागात जुने नाणे हाती येणे नवलाचे नाही. मोगल नाण्यांवर औरंगाबादच्या टांकसाळीचे नाव ‘खुजिस्ता बुनियाद’ असेही आढळते. टांकसाळ, राजा, हिजरी सन ही सारी माहिती असते ती नाण्याच्या पृष्ठभागावर.

आता थोडे गणित करू. नाण्याचा व्यास २ सेंमी धरा. दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ सुमारे ६.३ चौ. सेंमी होईल. घासताना ०.०१ मिमी जाडीचा थर गेला, तर तांब्याची घनता ८.९ धरून सुमारे ०.०६ ग्रॅम धातू कमी होईल. साध्या तराजूला हे कळणारही नाही. पण झिजलेल्या नाण्यावर अक्षराचा उठाव मिलिमीटरच्या काही शतांशांइतकाच उरलेला असतो. त्यातला ०.०१ मिमी म्हणजे मोठाच वाटा!

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तांब्यावरचा हिरवा थर म्हणजे बाहेरून चिकटलेली घाण नव्हे. हवेतील प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड व ओलावा यांच्याशी नाण्यातल्याच तांब्याचा संयोग होऊन तांबूस ऑक्साइड आणि हिरवे कार्बोनेट तयार होते. कित्येकदा अक्षरांचा आकार या थरातच टिकून असतो. आम्लाने थर विरघळला की अक्षरही विरघळते. चांदीवरचा काळा थर हाही चांदीचेच सल्फाइड असतो.

मग करावे काय? सुटी माती ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून, न घासता, सुटू द्यावी. नंतर नाणे टिपून पूर्ण कोरडे करावे, कडेला धरावे आणि कोरड्या जागी ठेवावे. फिकट हिरवी भुकटी सारखी सुटत असेल, तर तो क्लोराइडमुळे होणारा क्षय असतो. ओलाव्याने तो वाढतो. असे नाणे वेगळे, कोरडे ठेवून वस्तुसंग्रहालयातील जाणकारांना दाखवावे. आणि जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हेही ध्यानात असू द्या.

करून पाहा : लिंबाच्या रसात चिमूटभर मीठ घालून त्यात काळवंडलेल्या तांब्याच्या तारेचे तुकडे रात्रभर ठेवा. सकाळी तार उजळलेली दिसेल. तुकडे काढून त्याच रसात पॉलिश कागदाने घासलेला लोखंडी खिळा काही तास ठेवा. खिळ्यावर तांबूस लेप चढेल. हे तांबे कुठून आले? शेवटी रस फेकून द्या आणि हात धुवा. जुने नाणे मात्र या प्रयोगासाठी मुळीच घेऊ नका!