पडद्यावरचा वजनकाटा

दिव्यांच्या झगमगाटात एक भला मोठा वजनकाटा मांडलेला असे. त्यावर एखादा स्थूल देहाचा मनुष्य श्वास रोखून उभा राही. आकडे भराभर बदलत, थांबत आणि टाळ्यांचा कडकडाट होई. २००४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'द बिगेस्ट लूझर' या रिॲलिटी शोमधील हे दृश्य. ज्याच्या वजनात सर्वांत जास्त घट होईल, तो विजेता. २००९ सालच्या पर्वात बक्षीस होते २,५०,००० डॉलर! इंग्रजीत 'लूझर' म्हणजे गमावणारा, तसाच हरणाराही. नाव ठेवणाऱ्याने हा श्लेष जाणूनबुजून साधला असावा.

स्पर्धक दररोज कित्येक तास व्यायाम करीत आणि अन्न मोजूनमापून, अगदी थोडे घेत. त्यांचा घाम आणि अश्रू पाहता पाहता प्रेक्षकांच्या मनावर एक समजूत ठसे, ती ही की, सडपातळ देह हे कष्टाचे फळ, तर स्थूल देह हा आळसाचा पुरावा. २०१२ साली एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात काही जणांना या शोचा केवळ एक भाग दाखविला होता, तर इतरांना निसर्गाविषयीचा कार्यक्रम. पहिल्या गटातील लोकांच्या मनात स्थूल माणसांविषयी अधिक नावड आढळली. एका भागाचा हा परिणाम! मग वर्षानुवर्षे पाहणाऱ्यांचे काय झाले असेल?

वस्तुतः शरीराचा हिशेब इतका सरळ नसतो. मनुष्य स्वस्थ पडून असला तरी श्वासोच्छ्वास, रक्ताभिसरण इत्यादी कामांसाठी शरीर ऊर्जा खर्च करीतच असते. २००९ च्या पर्वातील १४ स्पर्धकांची केव्हिन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने सहा वर्षांनंतर पुन्हा तपासणी केली. स्पर्धेच्या ३० आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ५८ किलो घटले होते. पैकी सुमारे ४१ किलो परत आले होते. एक जण वगळता सर्वांचे वजन पुन्हा वाढले. पाच जण तर जवळजवळ मूळ वजनावर किंवा त्याच्याही पलीकडे पोहोचले.

ही मंडळी आळशी झाली होती काय? तसे नव्हे. उपासमारीची चाहूल लागताच शरीर काटकसरीने वागू लागते, आणि त्यांच्या शरीराने ती काटकसर सहा वर्षांनंतरही सोडली नव्हती. त्यांच्या शरीराचा विश्रांतीच्या काळातील खर्च अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी भरला. ५०० कॅलरी म्हणजे जवळजवळ एक जेवण. शरीरात मेदाचा साठा पुरेसा आहे, ही वार्ता लेप्टिन नावाचे संप्रेरक मेंदूस पोहोचविते. स्पर्धेच्या अखेरीस ते फारच घटले होते व सहा वर्षांनीही पूर्वपदावर आले नव्हते. हा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला.

त्यापूर्वी, २०१४ साली, एक विलक्षण प्रसंग घडला. २६० पौंडांवरून १०५ पौंडांवर आलेली एक तरुणी विजेती ठरली. तिचा कृश देह पाहून खुद्द प्रशिक्षकांचे चेहरे उतरले, आणि ती फारच वाळली म्हणून सर्वत्र टीका झाली. दहा वर्षे ज्या गोष्टीचा गौरव चालला होता, ती तिने नियमाप्रमाणे सर्वांहून अधिक करून दाखविली होती, इतकेच.

२०१६ नंतर तो शो थांबला. २०२० साली तो एका पर्वापुरता परत आला, तेव्हा आरोग्याविषयी पुष्कळ बोलले गेले. व्यासपीठावर वजनकाटा मात्र होताच.